नऊ नंबरचा सत्कार

महादू सुतार कोल्हापूरचा. कोल्हापूरचा म्हटल्यावर फुटबॉलचं वेगळं सांगायला नको. तिथं पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीचा संघ. महादू आपल्या पेठेचा नऊ नंबर, म्हणजे फॉरवर्ड. पळायला बेतास बात, उडी मारायला त्याहून बेतास बात, पण गोलपोस्टसमोर असा काही घोटाळत राहायचा की बॉल कुठूनतरी त्याच्याच पायापाशी येऊन पडायचा. लोक म्हणायचे, गडी नशीबवान आहे. महादू उसळायचा, "आरं, नशीब येऊन थांबतंय व्हय तिथं? मी थांबतोय!"

दुबईला तो शटरिंगचा सुतार म्हणून आला, काँक्रीट ओतायच्या फळ्या ठोकायला. काम मरीनातल्या एका टॉवरवर, राहायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातला कॅम्प. कॅम्पमागे वाळूचं मैदान होतं. पहिल्याच शुक्रवारी महादूनं तिथं पाइप रोवून गोलपोस्ट केले आणि संघ उभा केला. नऊ नंबर कोणाचा, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

मग दोन हजार आठची मंदी आली. टॉवर अर्ध्यावर थांबला, क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. कॅम्पातून विमानतळाकडे बसवर बस निघायला लागली. कधी तिच्यात महादूचा गोलकीपर असायचा, कधी दोन्ही बॅक. "खलास, महादू. टीम खलास," म्हणत गडी बॅगा उचलायचे. महादूला कंपनीनं दारं बनवायच्या वर्कशॉपात टाकलं म्हणून तो वाचला. पण संघ मोडला म्हणून गप्प बसेल तो महादू कसला! उरलेल्या खोल्या पालथ्या घालून त्यानं वेल्डर, पेंटर, मेसचा आचारी, मिळेल त्याला ओढून मैदानात आणला. शिव्या खाल्ल्या, दिल्या, पण शुक्रवार चुकू दिला नाही.

त्यातच त्याला मुश्ताक गवसला. मुश्ताक दापोलीकडचा, त्याच्याच खोलीतला, उजव्या कडेनं सुसाट पळणारा. मुश्ताकनं बॉल आत टाकायचा आणि महादूनं ढकलायचा, एवढीच दोघांची विद्या. ती पुरत होती.

मेसमधल्या टीव्हीवर इटलीचे सामने लागायचे. तिथं महादूला आपला माणूस भेटला. बोनाल्दी. उंच, हडकुळा, पळताना गुडघे एकमेकांवर आपटतील असा. तिशी जवळ आली तरी हा बाबा लहानसहान गावांच्या क्लबांतून धक्के खात होता. एका कोचनं तर दुसरा धंदा बघ म्हणून तोंडावर सांगितलेलं. आणि मग एकाएकी असा पेटला की मोठेमोठे बॅक त्याच्यापुढे रडकुंडीला आले. सगळे गोल मात्र बेढब. गुडघ्यानं, नडगीनं, एकदा तर कानानं. महादू मेसमध्ये मांडीवर थाप मारून ओरडायचा, "गोलला काय रूप बघायचं असतंय व्हय? पोरगी दाखवायला आणलीया का?"

दोन हजार बाराच्या जानेवारीत हाच बोनाल्दी दुबईतल्या एका क्लबात खेळायला आला. महादूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कॅम्प मात्र हसला. "म्हातारा पेन्शन खायला आलाय." महादू प्रत्येकाशी भांडला. मुश्ताकला घेऊन तो स्टेडियममध्ये एक सामनाही बघून आला. बोनाल्दी अख्खा वेळ गोलसमोर हात वर करून उभा होता आणि बॉल काही त्याच्याकडे येत नव्हता. उन्हाळ्याआधीच तो इटलीला परत गेला. मेसमध्ये पुन्हा तेच, खलास.

"कोण म्हणतंय खलास?" महादू ताटावरून उठला. "त्याला बॉल कुणी दिला का, ते सांगा आधी! बिनबॉलचा गोल तुमचा आजा करतोय?"

पण ती हसाहसी बोनाल्दीपुरती नव्हती. महादूची चाळिशी आली होती, आणि हे सगळ्यांना दिसत होतं.

त्या हिवाळ्यात कंपन्यांच्या स्पर्धेत महादूचा संघ फायनलला गेला. समोर शेजारच्या ॲल्युमिनियम वर्कशॉपचे मल्याळी, म्हणजे फुटबॉल कोळून प्यालेले. आता संघाला कोच होता: सिद्धांत नावाचा पुण्याचा तरुण इंजिनीअर, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बायकोपोरांसह राहणारा. माणूस वाईट नव्हता. त्याला नऊ नंबरवर राहुल वेल्डर हवा होता, चपळ आणि ताज्या दमाचा. पण महादूला बाहेर बस म्हणायचं कोणी? मग ज्येष्ठ माणसाला गोडीगुलाबीनं खुर्चीवरून उठवायचं असलं की आपली माणसं जे करतात, तेच त्यानं केलं. महादूचा सत्कार ठरवला.

फायनलच्या दुपारी महादू बूट बांधून मैदानावर आला, तर तिथं टेबल. टेबलावर चादर, चादरीवर शाल आणि नारळ. माइकसुद्धा! कॅम्प टाळ्या वाजवत होता. असले सत्कार महादूनं पेठेत ढिगानं बघितले होते. एकदा शाल खांद्यावर पडली की माणूस पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसतो, तो पुन्हा उठत नाही.

"महादूमामा," सिद्धांत म्हणाला, "ऑनेस्टली सांगतो, ही टीम तुमच्यामुळे आहे. आज तुमचा आशीर्वाद हवा. तुम्ही चीफ गेस्टच्या शेजारी बसा."

"आणि नऊ नंबर?"

"राहुल घालेल. शेवटची पाच मिनिटं तुम्हाला उतरवू, इन्शाल्ला."

"साहेब, मी काय मेलो का रिटायर झालो?" महादूचा आवाज चढला. "शाल घडी करून ठेवा. पहिल्या मिनिटापासनं खेळणार, न्हाईतर ह्या पाइपाला मिठी मारून बसतो. उचला मला आणि मग खेळा!"

सिद्धांतनं मदतीसाठी मुश्ताककडे बघितलं. नारळ आणला होता मुश्ताकनंच, सकाळी, महादूपासून लपवून. मुश्ताकची मान खाली गेली. मग तो वाळूत बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. "साब, महादूभाई नाही तर मी पण नाही. मला बी एक शाल आणा."

पंच शिट्ट्या मारून दमला होता. "यल्ला, यल्ला! चला लवकर!" तो ओरडला. सिद्धांतनं कपाळाला हात लावला आणि नऊ नंबरची जर्सी राहुलकडून काढून महादूला दिली.

सामना नंतर पेनल्टीवर हरले, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे त्याची हुरहुर नको. पण त्या दिवसाबद्दल कोणालाही विचारा, हार कोणाच्या लक्षात नाही.

मल्याळ्यांनी लवकरच एक गोल चढवला. महादूला बॉल शिवेना. दम लागला, गुडघा ठणकायला लागला, दोनदा तो वाळूत सपशेल आडवा झाला. आपलेच लोक कडेवरून ओरडायला लागले, "सत्कार! सत्कार!" महादूनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. पण आतून तो हादरला होता. खरंच संपलो का आपण, असं त्याला त्या दुपारी पहिल्यांदाच वाटलं.

सामना संपत आला तेव्हा मुश्ताक कडेनं सुटला आणि त्यानं बॉल आत टाकला. बॅकनं तो उडवला, गोलकीपरच्या हातातून निसटला, आणि महादूच्या पोटावर आदळून आत गेला. पोटावर! कॅम्प वेडा झाला. आचाऱ्यानं पातेलं बडवायला घेतलं.

सिद्धांतनं ही वेळ बरोबर हेरली. त्यानं पंचाला खूण केली, राहुलला कडेला उभं केलं, आणि स्वतः शाल उलगडून दोन्ही हातांत धरली. सगळा कॅम्प उभा राहिला. मल्याळीसुद्धा टाळ्या वाजवत होते. याहून चांगला निरोप कोणत्या फॉरवर्डला मिळतो? चार पावलं चालत जायचं आणि मान वाकवायची. महादूचे डोळे भरून आले. एक क्षणभर तो निघालाही.

मग थांबला. "साहेब, आत्ताच गोल केला की मी! गोल केलेल्या माणसाला बाहेर काढतात व्हय?"

"मामा, प्लीज. लोक उभे आहेत."

"उभे आहेत तर बसवा त्यांना. मॅच चालू आहे."

आणि त्यानं सिद्धांतकडे पाठ केली. लंगडत, धापा टाकत तो पुन्हा मल्याळ्यांच्या गोलसमोर जाऊन उभा राहिला, हात वर केला आणि अख्ख्या कॅम्पला ऐकू जाईल असा ओरडला, "मुश्ताक, बघत काय राहिलायस? बॉल टाक!"