बॉनेटमध्ये वाहिलेला नारळ

रविवारी सकाळी आंबिवलीचा भंगारवाला गाडी न्यायला येणार होता. त्याआधी ती चालू झाली तर राहील, नाहीतर जाईल, असा बायकोचा आणि माझा तह झालेला. तह म्हणजे ती बोलली आणि मी मान हलवली.

गाडी जुनी, सेकंडहँड, दोन दारांची, टर्बोवाली. चाळिशीनंतर शहाणी माणसं गुडघ्यांकडे लक्ष देतात. मी ही घेतली. पहिली दोन वर्षं ती झकास पळाली, म्हणजे घोडबंदर रोडवर जेवढं पळता येतं तेवढं. मग टर्बोने जोर देणं सोडलं. काचा कण्हत वर जायला लागल्या. इंडिकेटर दिला की त्याच्याबरोबर हेडलाइटही डोळे मिचकावायचे. शेवटी किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’.

गॅरेजवाल्याने लॅपटॉप जोडला. लॅपटॉप म्हणाला, हवेचा सेन्सर गेला. तो बदलला, तर म्हणाला, पेट्रोलचा पंप. मग टर्बोचा पाइप. मग आम्हीच कंटाळून बॅटरी बदलली. दर वेळी मी घरी येऊन जाहीर करायचो, “आता सापडलं!” पुढे पुढे घरात चष्मा, रिमोट काहीही हरवलं की मुलगी माझ्या आवाजात हेच म्हणायला लागली.

शनिवारी दुपारी ठाकुर्लीहून सासरे जेवायला आले. जन्मभर रेल्वेत इलेक्ट्रिकचं काम केलेला माणूस. जेवण झाल्यावर म्हणाले, “जावईबापू, उद्या जाणार म्हणे ती. एकदा भेटून घेऊ.”

खाली पार्किंगमध्ये त्यांनी पिशवीतून एक छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी काढल्या.

“लॅपटॉपला नाही सापडलं,” मी म्हणालो.

“तो खोटं नाही हो बोलत. पण उपाशी माणसाला विचारलं तर तो सगळंच दुखतंय म्हणणार.”

एक वायर त्यांनी बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. “दोन्ही टोकं मायनसचीच. हा दिवा पेटायला नको. फिरवा किल्ली.”

टक. दिवा लख्ख पेटला.

“पेटला!” मी ओरडलो.

“पेटला ना? तेच दुखणं आहे.” ते शांतपणे म्हणाले. “अर्थिंग गेलंय. वीज परत जायची वाट अडलीय, म्हणून सगळेच उपाशी.”

बॅटरीपासून इंजिनाला येणाऱ्या जाड वायरचा बोल्ट त्यांनी खोलला. त्याखाली हिरवट खरपुडी जमलेली, कडेने लालसर. त्यांनी ती नखावर घेतली, चष्मा कपाळावर सरकवून बघितली.

“हे कुंकू आहे.”

मी गाडीच्या टायरकडे बघायला लागलो. तेवढ्यात चहा घेऊन बायको खाली आलेली. “बाबा, सगळं जग टायरपुढे नारळ फोडतं. हे दसऱ्याला बॉनेट उघडून बसतात. हळद, कुंकू, वर नारळाचं पाणी.”

“अहो, किती पाणी?” सासऱ्यांनी मला विचारलं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला चार थेंब. टायर काय, कुठल्याही गाडीला असतात. टर्बोचा मान वेगळा, असा माझा विचार. तो बोल्ट सपाट जागी, कुंकू लावायला सोयीचा. गाडी आजारी पडल्यावर मात्र मी गेल्या दसऱ्याला अख्खा नारळ वाहिला होता.

सासऱ्यांनी पिशवीत हात घातला. पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. मी तासभर उकिडवा बसून माझीच भक्ती घासत होतो. बोल्ट आवळला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला चालू.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलो. कंबर धरलेली. मनातून मी तिला केव्हाच आंबिवलीला पाठवून दिलं होतं. पुढच्या रविवारपासून गॅरेज बंद, दहापर्यंत झोपायचं, हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

“नको येऊ म्हणून सांगते त्याला,” बायको म्हणाली. ती तहाला पक्की आहे. रिकामे कप उचलून ती वर गेली.

सासरे शेजारच्या सीटवर गुडघे हनुवटीला टेकवून बसले. “सोडा आता ठाकुर्लीला.”

घोडबंदर रोडवर नेहमीसारखं सगळं ठप्प होतं. इंडिकेटर दिला, हेडलाइटनी डोळे मिचकावले नाहीत. दाखवायला वळलो तर सासरे झोपलेले. मीही झोपलो असतो, पण गाडी चालू होती.