माळाच्या वह्यांतलं मी जे खोडलं

मामा सैन्यातून हवालदार होऊन परतले आणि कडेगावजवळच्या आपल्या गावी रोज सकाळी माळावर जाऊ लागले. दिसेल ते वहीत लिहीत. वेळ फौजेतल्यासारखी, शून्य सहा दहा. मग जागा, मग पक्षी किंवा गवत, आणि पुष्कळदा शेवटी ‘खात्री नाही’. अशा नऊ वह्या झाल्या होत्या.

तो माळ पडीक म्हणून एका प्रकल्पाला द्यायचा विषय ग्रामसभेपुढे आला, तेव्हा मी साताऱ्याहून धावत गेले. चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकलेली मी; वह्यांची पुस्तिका काढायचं मीच ठरवलं. नावही मीच दिलं, ‘आमच्या माळाचा नैसर्गिक इतिहास’. संग्रहालयाच्या पाटीवर वाचलेला शब्द होता, भारदस्त वाटला.

“इतिहास?” मामा हसले. “माळ कुठं लढाईला गेला व्हता गं? आन त्यो अजून जित्ता हाय की.”

मी ‘खात्री नाही’ एकजात खोडलं. ‘एकदा दिसला’चं ‘आढळतो’ केलं. धाविक हा जमिनीवर तुरुतुरु पळणारा पक्षी. त्याची अंडी मामांना एकाच उन्हाळ्यात दिसली होती. मी लिहिलं, दर वर्षी घालतो. शंका दाखवली की समोरचा तिथंच बोट घालतो, हेच मी शिकले होते. वर मामांचं नाव टाकलं. छापण्याआधी त्यांनी वाचायला मागितलं, तर मीच ‘वेळ नाही’ म्हणाले.

सभेत प्रकल्पाच्या बाजूचा एक जण पुस्तिका घेऊन उठला.

“आवं हवालदार, दर वर्षी अंडी घालतोय म्हनं. तुमी बघितली?”

“एकदा. दोन व्हती.”

“मंग दर वर्षी कुनी लिव्हलं?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“नाव माजं हाय,” ते म्हणाले.

“म्हंजी बाकीची अंडी हवालदारांनीच घातली गड्या!” मागून कुणीतरी ओरडलं. सगळी सभा हसली. माळ देण्याचा ठराव झाला. पुस्तिका धड असती तर तो झाला नसता, असं मी म्हणत नाही. पण मी उठून ‘ते वाक्य माझं’ एवढंही बोलले नाही.

साताऱ्याला आल्यावर कोश उघडला. ‘नॅचरल हिस्ट्री’तल्या ज्या ‘हिस्ट्री’चा आपण ‘इतिहास’ केला तो शब्द मुळात ग्रीक, आणि त्याचा जुना अर्थ चौकशी. विचारावं, पाहावं, जे कळलं ते सांगावं. तिथून तो लॅटिनमध्ये आणि मग इंग्रजीत गेला. म्हणून नैसर्गिक इतिहासात झाडं, प्राणी, दगड यांची वर्णनं असतात. गेलेल्या काळाची गोष्ट असलीच पाहिजे असं नाही. आपला ‘इतिहास’ मात्र ‘असं खरोखर होतं’ म्हणणारा. मामांनी नऊ वह्या चौकशी केली होती. मी तिच्यातली चौकशी काढून टाकली आणि वर तिचंच नाव लावलं.

हे सांगायला, माफी मागायला गेले. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“बरं,” म्हणाले. “आता तूच लिव्हत जा. तुला न बघताबी कळतंय.”

माळावर अजून कुंपण पडलेलं नाही. मामा सकाळी पारावर बसतात. यंदा तिकडे कोणतं गवत किती वाढलं, कोणते पक्षी आले, हे कुणीही लिहिलेलं नाही.