छोट्या गाडीनं गेलेला रिकामा डबा

दर्यापूरच्या स्टेशनात आता बाभळी माजल्या आहेत. रूळ आहेत, पण शोधावे लागतात. लोक म्हणतात, छोटी लाईन पुन्हा सुरू होणार, मोठी होणार. होवो बापडी. मला आता तिचा उपयोग नाही.

मूर्तिजापूरहून निघून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी. इंग्रजांच्या काळात एका विलायती कंपनीनं आमच्या कापसासाठी ती टाकली. पुढे कापूस ट्रकमध्ये चढला आणि गाडीत आम्ही उरलो, बाजाराला जाणारे नाहीतर लेकीला भेटायला निघालेले. चाल अशी, की लोक चिडवायचे, "घाई असंन तं पायी जाय ना बाप्पा, गाडीनं काहून चालला?" फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि पळत येऊन मागे चढायचा. तिकिटं गार्डच फाडायचा. आणि नियमात नसलेलं एक काम करायचा, माहेरचे डबे पोचवायचा.

माझं माहेर दर्यापूर, सासर पथ्रोटजवळच्या खेड्यात. दर शुक्रवारी सकाळी माय फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा गार्डाच्या हाती द्यायची. कधी जवसाची चटणी, कधी ज्वारीचे वाळवलेले धापोडे. मी पथ्रोटच्या स्टेशनात उभी असायची. डबा घरी न्यायचा, धुवायचा, अंजनगावची विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून त्यात भरायची आणि दुपारनंतर परतणाऱ्या गाडीत द्यायचा. मायला पानाचा भारी शौक. पण नुसता शौक नव्हे. आमच्याकडे आलेला डबा कोणी रिकामा परत करत नाही. रिकामा डबा म्हणजे संबंध संपला.

हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच मी तो रिकामा पाठवला.

कारण काय, तर शिलाई मशीन. लग्नाआधी त्या मशीनवर मी अर्ध्या गल्लीची पोलकी शिवली होती. सासरी जागा नव्हती म्हणून ती माहेरी ठेवलेली. धाकट्या भावाचं लग्न झालं आणि मायनं मला न विचारता ती भावजयीला देऊन टाकली. मला कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. मी तशी तापटच, नाकावर राग. त्या शुक्रवारी डबा घासूनपुसून कोरडा केला, फडकं बांधलं आणि गार्डाच्या हातात दिला.

त्यानं तो उचलून पाहिला. "ताई, हलका लागून राहिला."

"तसाच द्या," मी म्हटलं.

मंगळवारपर्यंत राग उतरला आणि लाज वाटायला लागली. पुढच्या शुक्रवारी दुप्पट पानं घेऊन मी स्टेशनात जाऊन बसले. गाडी आली नाही. कोणीतरी म्हणालं, लाईनीचं काम निघालं, आठ-पंधरा दिवस बंद. ते आठ-पंधरा दिवस अजून संपले नाहीत.

फोन होते, एसटी होती. पण एसटीला अंजनगावला उतरून दुसरी गाडी धरावी लागे, तिथं डबा कोणाच्या हाती द्यायचा? सणावाराला मी जायची. माझ्यासमोर माय पान लावायची, मी चहा प्यायची, आणि त्या डब्याबद्दल दोघीही चकार शब्द काढत नसू. मला वाटायचं, तिनं आधी रागवावं, मग मी माफी मागेन. ती काही रागवली नाही. फोनवर मात्र दरवेळी एकच विचारायची, "गाडीचं काई समजलं का व?"

"माय, ते गाडी मेली आता. तुले कुठं जायचं हाये गाडीनं?"

"मले नाई जायचं. असंच इचारलं."

म्हातारपणी एकेक खूळ डोक्यात बसतं, असं मी नवऱ्याला सांगायची. माझी अक्कल तेवढीच.

माय गेली यंदा. तेराव्यानंतर भावजय आणि मी तिची मांडणी आवरत होतो. मागच्या कोपऱ्यात तो डबा दिसला, त्याच फडक्यात बांधलेला.

"ताई, तो तुमचाच हाये," भावजय म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई कोणाले हात लावू देत नोत्या. गाडी बंद झाली त्या शुक्रवारी घेऊन गेल्या होत्या स्टेशनात. दुपारपावतर बसल्या अन् तसाच परत आणला. म्हणे, गाडी सुरू झाली का पाठवतो."

म्हणजे त्या शुक्रवारी एका लाईनीच्या दोन स्टेशनांत आम्ही दोघी बसलो होतो.

गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडली. आत काळा पडलेला गुळाचा खडा होता आणि कागदात गुंडाळलेली, बॉबीन बसते ती मशीनची छोटी डबी. भावजयीनं ती उचलून पाहिली.

"हे तं कवाची हरवली होती. मशीन तवापासून बंदच हाये. नवीन आणतो म्हटलं, तं आत्याबाई आणूच देत नोत्या."

मायनं दिलेली मशीन परत मागितली नव्हती. सुनेला कसं म्हणणार? तिनं नुसती ती चालू दिली नाही, माझ्यासाठी. आणि ती डबी तिला सुनेच्या देखत माझ्या हातात देता आली नसती. त्याला गार्डच हवा होता.

डबी मी मशीनला बसवली, तेल सोडलं, भावजयीला म्हटलं, "तूच शिव आता." ती रडली, मीही रडले. डबा मात्र मी आणला.

घरी आल्यावर तो धुतला. अंजनगावहून पानं आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून भरली, झाकण लावलं, गाठ मारली. आणि मग तसाच मांडीवर घेऊन बसून राहिले. रिकामा परत करायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. न्यायला कोणी नाही आणि घ्यायलाही कोणी नाही, हे गाठ मारून झाल्यावर लक्षात आलं.