कुसुमताईंना पाठवलेले निरोप

चहा घ्या आधी. कारण मी जी माती खाल्ली, ती ऐकल्यावर घोट घशाखाली उतरायचा नाही!

कनेरगाव नाक्यावर, एका ढाब्यामागं आमचा नाइट क्लब आहे. हसू नका! वीस वर्षं चालू आहे. फक्त तो संध्याकाळी पाचला उघडतो आणि साडेसातला बंद होतो, कारण आठला आम्हा सगळ्यांच्या बीपीच्या गोळ्या असतात. छताला आरशांचा फिरता गोळा, रज्जाकभाईंनी लावलेली जुन्या सिनेमांची गाणी आणि साठीपुढची तीस-चाळीस माणसं.

नाचायला माझ्या जोडीला कुसुमताई. औंढ्याच्या रिटायर नर्सबाई. बायको गेल्यावर मी पहिल्यांदा तिथं गेलो आणि कोपऱ्यात बसून राहिलो, तर याच येऊन म्हणाल्या, "मास्तर, बसायला घरी खुर्ची न्हाई का?" तेव्हापासून अकरा वर्षं, दर रविवारी, आम्ही दोघं.

एका रविवारी त्या आल्याच नाहीत. गाणं जोरात चालू. मी रज्जाकभाईंच्या कानाशी ओरडलो, "कुसुमताई कुठं हायत?"

"चले गये, मास्तर!"

"नागपूरला? लेकीकडं?"

"हां, नागपूरमेंच!"

मला असा राग आला! लेक कायमचं ये म्हणते, असं त्या मागं बोलल्या होत्या. गेल्या शेवटी! मला एका शब्दानं न सांगता!

पुढच्या रविवारी पुसेगावच्या नामदेवरावांनी माझा हात धरला. "लई वाईट झालं, मास्तर."

"वाईट कशाचं? सुटल्या त्या! आरामात हायत तिकडं."

"व्हय, सुटल्या म्हना." त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, डोळे आलेत!

"पण सांगून जायचं का न्हाई मानसानं?"

"ते काय आपल्या हातात असतं, मास्तर?"

"काहून नसतं? एक फोन करायचा!"

नामदेवरावांनी माझा हात सोडला. मग हळूच दुसऱ्या टेबलाकडं सरकले.

मी मात्र पेटलो होतो. मोबाईलवर बोलून निरोप पाठवायला लागलो. "कुसुमताई, तुमच्यावाचून हितं कुनाचं अडत न्हाई!" दुसरा, "मी आता सुमनबाईंसंगं नाचून राहिलो. तुमच्यापेक्षा बऱ्या नाचतात!" साफ खोटं. मी परत कोपऱ्यात जाऊन बसत होतो. प्रत्येक निरोपाखाली निळ्या खुणा उमटायच्या. म्हणजे बाई ऐकतात, पण उत्तर देत नाहीत! शेवटी तिसऱ्या आठवड्यात ओरडलोच, "बोलत काहून न्हाई? मेल्या का काय तुमी?"

त्याच्या पुढच्या रविवारी चाळिशीची एक बाई दारात उभी. हातात कुसुमताईंचा फोन.

"मास्तरकाका कोण? मी त्यांची लेक, वर्षा. आई गेली, काका. महिना झाला. हार्ट अटॅक आला तिला माझ्याकडंच."

गाणं चालूच होतं. मी तिच्या हातातल्या फोनकडं बोट दाखवलं. "पोरी, मी काय काय बोललो गं..."

"सगळं ऐकलं. सांगायची हिंमत झाली न्हाई. घरात सगळे आईचं नाव हळू आवाजात घेतात. तुमी एकटेच तिच्याशी भांडत होता. वाटायचं, आहे अजून ती."

मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. जरा सावरल्यावर विचारलं, "माझं नाव काढायच्या का कधी?"

"दर रविवारी! गरम पाण्यात पाय बुडवून मला फोन करायची. म्हणायची, मास्तर नाचत न्हाईत गं, माझ्या पायावर उभे राहतात."

"मग येत काहून होत्या?"

"मीबी तेच विचारायची. तर म्हणायची, मी सोडलं तर त्यांना दुसरं कोण घेईल नाचायला?"

अकरा वर्षं, मंडळी! आणि मी समजत होतो, मीच बाईंना सांभाळून घेतोय!