गुडघ्याची गोळी कुत्रीला

माझ्या गुडघेदुखीची गोळी मी आमच्या कुत्रीला दिली. एकदा नव्हे, तीनदा; गुळात दडवून, तेही उपाशीपोटी.

सल्ला शेजारच्या गिरणीवाल्याचा. कुत्री म्हातारी, मागच्या पायानं लंगडत होती. तो म्हणाला, "बैलाला चार देतेत, मानसाला एक, मग कुत्र्याला अर्धी. हिशेब सोपा हाय, सर!" मी विष्णुपुरीच्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवलेला माणूस. त्रैराशिक जुळलं, म्हणजे औषध बरोबर, असं मला पटलं.

तिसऱ्या दिवशी तिनं भाकरीकडं पाठ फिरवली, ओकली आणि शी डांबरासारखी काळी झाली. ऑटोत मांडीवर घेऊन नांदेडला जनावरांचे डॉक्टर गाठले. त्यांनी आधी तिला सलाईन लावलं, मग गोळ्यांचं ऐकून मला धारेवर धरलं.

"काळी शी म्हणजे पोटात रक्तस्राव. माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडन्या जातात."

"जगेल ना?"

"दोन दिवस काही सांगता येत नाही."

ते दोन दिवस दवाखान्यात तिच्याजवळ मी सूड शिजवत बसलो. आधी गिरणीवाल्याच्या स्कूटरची हवा सोडायचं ठरलं. मग वाटलं, एवढ्यानं काय होतंय! त्याच्या पिठात खडी निघते म्हणून गल्लीभर बोंब मारायची. तोंडं वळवून गिऱ्हाईकं दुसरीकडं जातायत, हे चित्र मी मिटक्या मारत पाहिलं. बायको म्हणाली, "आधी तिला पाणी पाजा." पाणी पाजता पाजताही मी त्याला मनातल्या मनात भरडत होतो.

तिसऱ्या दिवशी कुत्रीनं दहीभात चाटला. रक्ततपासणीत किडन्या शाबूत निघाल्या. डॉक्टरांनी बजावलं, "दुखण्याचं औषध काही दिवसांनी मीच देईन. कुत्र्यांचंच, तिच्या वजनाप्रमाणं, जेवणानंतर. सोबत दुसरी गोळी नाही. ओकली किंवा जेवण सोडलं, की बंद करून मला फोन."

कुत्रीला घरी सोडलं आणि थेट गिरणीवर गेलो. डब्यांची रांग लागलेली, म्हणजे बघायला माणसं भरपूर.

"माझी कुत्री मारत होतास तू!" मी गरजलो.

त्यानं गिरणी बंद केली. "म्या नुस्तं बोल्लो, सर. तिच्या तोंडात कोन घातली?"

तेवढ्यात ज्वारीचा डबा घेतलेली एक म्हातारी रांगेतून बोलली,

"कुत्रं बी हुंगल्याबिगर काई खात न्हाई, मास्तर. तुमी तर आइकलं की गिळलं!"