स्टुलावर बसवलेली माणसं

“बस त्या स्टुलावर. दाखव कसा चालवतोस.”

रिक्षा-स्कूटरच्या शोरूमचे धाकटे मालक माझ्या अब्बांना असं म्हणाले. भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत. मालक माझ्याहून थोडे मोठे असतील. अब्बांचे केस पांढरे झालेत.

अब्बा बसले. लाकडी स्टूल, डुगडुगणारं. चपला दाराबाहेर काढायला लावलेल्या, त्यामुळं अनवाणी. समोर हँडल नाही, काच नाही, काही नाही. अब्बांनी दोन्ही हात पुढं केले आणि हवा धरली.

“आता वळण आलं,” मालक म्हणाले. अब्बांनी हवेतच हँडल वळवलं. “आता खड्डा आला. बघा, घातली की नाही गाडी खड्ड्यात?”

एक कुटुंब नवी स्कूटर न्यायला आलं होतं. स्कूटरला हार, हातात पेढे. ती माणसं हसली. मालक हसले म्हणून मेकॅनिकही हसला. मी खांबापाशी उभी होते. अब्बांच्या डाव्या हाताची बोटं सवयीनं क्लच दाबत होती, सोडत होती. मन लावून. जणू खरंच परीक्षा चाललीय आणि पास झालं तर गाडी नीट करून मिळणार आहे.

ते मी विसरणार नाही. विसरायचंही नाही.

झालं होतं ते असं. अब्बा शिवाजी पेठेतल्या मुलांना रिक्षानं शाळेत सोडतात. रिक्षा नवीकोरी, गॅरंटीतली. त्या सकाळी शाळेच्या फाटकाशी वळताना पुढचं चाक धरून ठेवणारा लोखंडी दांडा मोडला. त्याला फोर्क म्हणतात. चाक एकीकडं, हँडल एकीकडं. रिक्षा कलंडली. वेग नव्हता म्हणून मुलं वाचली. एका मुलीचा हात मोडला. हेच अलीकडच्या उतारावर झालं असतं तर काय, ते मी लिहीत नाही. तुम्हीच विचार करा.

खड्डा नव्हताच. फाटकापुढं सपाट डांबरी रस्ता. आणि दांड्याच्या तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला, अर्धा ताजा, चकचकीत. म्हणजे लोखंड आधीपासून चिरलेलं होतं. ज्या गावातली निम्मी माणसं शिरोलीच्या लोखंड ओतायच्या भट्ट्यांवर राबतात, तिथं एवढं कळायला इंजिनियर लागत नाही.

स्टुलाचा खेळ संपल्यावर मालकांनी अट सांगितली. फोर्क आपल्या चुकीनं मोडला असं अब्बांनी लिहून द्यायचं. घरी ठेवलेला मोडका तुकडा दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा. मग नवा फोर्क फुकट बसवून मिळेल. उपकार समज, म्हणाले.

“व्हय सायेब,” अब्बा म्हणाले.

नवा फोर्क म्हणजे कुठला? मागं खुंट्यांवर टांगलेले होते त्यातलाच. त्याच कारखान्याचा, त्याच मालातला. तो लावून तीच मुलं परत बसवायची. मी रस्ताभर बोलत होते. अब्बा एवढंच म्हणाले, गाडी उभी राहून कसं चालंल.

संध्याकाळी रिक्षा स्टँडवर दत्तूकाकांनी विचारलं काय झालं म्हणून. दत्तूकाका अब्बांचे जुने दोस्त, गाडी त्याच कंपनीची. तालमीतलं शरीर, आणि एका हातानं रिक्षा पन्हाळ्याचा घाट चढवतो म्हणून सांगणारा माणूस. अब्बा म्हणाले, खड्डा लागला.

मला राहवलं नाही. “खड्डा नव्हता काका. आणि त्यांनी अब्बांना स्टुलावर बसवून हवेत रिक्षा चालवायला लावली.”

अब्बांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्यापेक्षा दोन तडाखे परवडले असते. चारचौघांत बापाची अब्रू काढली मी. आता सगळे हसणार, असं वाटलं. कुणी हसलं नाही. दत्तूकाकांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

“डुगडुगतंय का गं ते स्टूल?”

“हो.”

“एक पाय आखूड हाय त्येचा,” ते म्हणाले आणि खाली बघत राहिले.

त्यांचा फोर्क दिवाळीच्या आधीच गेला होता. आम्हाला त्यांनी गाडी रंगवायला टाकलीय म्हणून सांगितलं होतं. मग पलीकडचा एकजण बोलला. मग आणखी एक. सगळे त्या स्टुलावर बसून आलेले. सगळ्यांनी चूक लिहून दिलेली, तुकडा देऊन टाकलेला, आणि घरी येऊन गप्प बसलेले. प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच एकट्याची गाडी मोडली.

आमच्या गावचा माणूस कुस्तीत चीतपट झालेला हसून सांगेल. हँडल हातातून सुटलं हे बायकोलासुद्धा सांगणार नाही. मालकांना हे पक्कं ठाऊक होतं. ते स्टूल गिऱ्हाइकांना हसवायला ठेवलेलं नव्हतं. आमची तोंडं शिवायला ठेवलेलं होतं.

आणि आता गावात असा मोडका तुकडा एकच उरला होता. आमचा.

त्याच संध्याकाळी मी पेठेतल्या एका वकिलाकडं गेले. ग्राहकांसाठी शहाऐंशी सालचा नवा कायदा आलाय हे मी आमच्या कॉलेजातल्या गटाच्या पत्रकांतून ओरडून सांगितलेलं. वकील म्हणाले, कायदा आहे, पण धंद्यासाठी वस्तू घेणारा त्यात ग्राहक धरत नाहीत. बाहेरच्या देशांत अशा सदोष गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागतात, आपल्याकडं तसा नियम नाही. वकील वाईट नव्हते. पुस्तकातलं होतं ते वाचून दाखवलं त्यांनी. हौसेला मोटार घेतो तो ग्राहक. पोटाला रिक्षा घेतो तो कुणीच नाही. त्यात बसलेली शाळेची मुलंही कुणीच नाहीत.

सकाळी अब्बांबरोबर मीच पोतं घेऊन निघाले. दत्तूकाका येतो म्हणाले होते. आले नाहीत.

शोरूममध्ये स्टूल पुढंच होतं. लिहून घ्यायचा कागद तयार. मालकांनी हात पुढं केला. “तुकडा.”

मी पोत्यातून फोर्क काढला आणि स्टुलावर ठेवला. काळं तोंड मालकांकडं करून.

“याला विचारा,” मी म्हटलं. “हा कसा मोडला ते.”

मालक तुकडा उचलायला वाकले, त्याच्या आत मी उचलला आणि छातीशी धरला.

“बापाला भिकेला लावशील,” ते मला म्हणाले. मग अब्बांकडं बघून, “पोरीला आवर. नाहीतर हा नवा फोर्क विसर, आणि गॅरंटीही विसर.”

अब्बा माझ्याजवळ आले. हळू बोलले. “दे बेटा. गाडी उभी हाय.”

मालकांना नाही म्हणणं सोपं होतं. अब्बांना नाही म्हणणं नव्हतं. मी नाही म्हटलं. तुकडा घेऊन बाहेर आले, चपला हातात घेतल्या आणि चालायला लागले. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दिला असता.

अब्बा मागून आले. कागदावर सही न करता आले, हे मला घरी आल्यावर कळलं.

आज आमची रिक्षा बोळात ताडपत्रीखाली उभी आहे. अब्बा दुसऱ्याची गाडी पाळीनं चालवतात आणि माझ्याशी कामापुरतंच बोलतात. हे पत्रक छापताना मी दत्तूकाकांना विचारलं, तुमचं नाव घालू का.

“नाव नगं,” म्हणाले. “स्टुलाचं घाल.”

घातलंय. ज्यांना त्या स्टुलावर बसवलं त्यांनी एकमेकांना सांगा. शरम तुमची नाही.

आणि मालक, तुकडा आमच्याच घरी आहे. चुलीवरच्या फळीवर, उघड्यावर. त्याच्या बदल्यात मला नवा फोर्क नको. आमची एक गाडी नीट करून नको. विकलेली प्रत्येक रिक्षा परत बोलवा आणि प्रत्येकीचा फोर्क सगळ्यांच्या समोर उघडून बघा. तोवर तुमच्या दारातून हार घालून निघणाऱ्या प्रत्येक रिक्षापुढं मी हा तुकडा घेऊन उभी राहणार. स्टूल आणलंत तरी बसणार नाही.