ऐनाचा ओंडका आणि देवाचा कौल

यमुनाबाई गेल्याचा फोन त्यांचा भाचा दत्ता याने केला. "आत्या गेली, सर," एवढंच म्हणाला. मागे कुठल्याशा ट्रॅक्टरचा आवाज येत होता. याच दत्ताशी बाई आयुष्यभर भांडल्या होत्या.

पुण्यातल्या एका कॉलेजात आम्ही सोबत शिकवलं. मी इतिहास, त्या प्राणिशास्त्र. एकदा त्यांच्या वर्गात डोकावलो, तर पहिल्या बाकावरून ताकाची कळशी निघालेली. ज्याने त्याने पोटभर प्यायचं आणि उरेल ते मागे द्यायचं. शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत घोटभर उरलं. "पुढचे बाक म्हणजे गवत, मधले ससे आणि तू बिबट्या," बाई त्या मुलाला म्हणाल्या. "गवताला ऊन भरपूर मिळतं. त्यानंतरचा प्रत्येकजण त्यातलं बरंचसं पळण्यात, धापा टाकण्यात, अंग उबदार ठेवण्यात घालवतो. उरतं ते तुला. म्हणून बिबटे थोडे." मुलगा म्हणाला, "बाई, थोडे नाहीत, उपाशी आहेत!" बाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

निवृत्तीनंतर बावधनचा फ्लॅट सोडून त्या कासार आंबोलीला, माहेरच्या घरी राहायला गेल्या. गावाच्या देवराईतून वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, ही तिथली जुनी रीत. अशात तिथला एक थोरला ऐनाचा वृक्ष आपणहून आडवा झाला. देवस्थान समितीचा अध्यक्ष दत्ता. ओंडका हलवायचा, पालापाचोळा झाडून काढायचा, फरशा घालून स्टेज बांधायचं आणि उद्घाटनाला मंत्री आणायचा, असा त्याचा बेत. स्टेज झालं की भाषण होणार आणि भाषण झालं की स्टेजवर कुत्री झोपणार, एवढं भविष्य इतिहासाचा कुठलाही मास्तर सांगू शकतो.

"त्या मेलेल्या झाडावर लई जण जगत्यात, दत्ता," बाईंनी सुनावलं. "बुरशी खातीया, आळ्या खात्यात, आळ्यांवर सुतारपक्षी हाय. पानं झाडलीस का गोगलगायी गेल्या, आन् त्यांच्यावर वाढणारं काजवं बी."

"आत्या, आळ्यांना मत न्हाई."

शेवटी म्हाताऱ्यांनी कौल लावायचं ठरवलं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाई चक्क तयार झाल्या. मी चिडून फोन केला, "तुम्ही? विज्ञानाच्या प्राध्यापक?" त्या शांतपणे म्हणाल्या, "हात वर करायला सांगितले तर मी हरणारच, सर. इथं निदान निम्मी आशा आहे."

कौलाला मी मुद्दाम गेलो होतो. दत्ताने हात जोडले आणि घाईघाईत विचारलं, "देवा, ओंडका हलवू का?" उजवी कळी पडली. दत्ताची माणसं ओरडली. मी बाईंकडे पाहायचं टाळलं.

"हलवा की," बाईंचा आवाज आला. "देवानं सांगितलंय. पर देवराईच्या भाईर न्या, आसं कुटं म्हनला त्यो? सरकवा देवळामागं. आन् पानांचं तर तू इचारलंच न्हाईस, दत्ता."

दत्ताने गुरवाकडे पाहिलं. गुरव म्हणाला, "व्हय. देवाला जेवढं इचारलं तेवढंच."

निम्मं गाव लागलं तो ओंडका सरकवायला. पानं तशीच राहिली, त्यामुळे स्टेज झालं नाही. मंत्री दुसऱ्या एका गावात फीत कापून गेले. मंत्र्याच्या हातातली कात्री अडवणारं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही, आणि हे मी आजकाल जरा जास्तच वेळा सांगतो.

बाईंच्या शोकसभेत कुणीतरी देवराईत त्यांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी लावायचं सुचवलं. टाळ्याही पडल्या. तेवढ्यात दत्ता उठला. "पाटीला चौथरा लागंल, चौथऱ्याला पानं उकरावी लागत्याल. आत्या मला जित्ता सोडंल व्हय?" सभेत हशा पिकला. पाटी बारगळली.

मग तो मला देवळामागे घेऊन गेला. चपला काढून आम्ही देवराईत शिरलो. ओंडका मधोमध खचलाय, त्याच्यावर आळंब्यांचे थर आलेत, आणि बोट लावलं की भुगा पडतो. निघताना दत्ताने मला काठावरच थांबवलं. माझ्या तळव्याला चिकटलेलं कुजकं पान त्याने वाकून सोडवलं आणि आत टाकलं. मग स्वतःचे पाय पाहिले, धोतर झटकलं.

"आत्या रोज हितं पदर झाडायची," तो म्हणाला.